मदत हवी आहे: वेस माँटगोमरी ऐकताना नेमकं काय ऐकू?

गिटारवादक वेस माँटगोमरीचे दोन अल्बम गेला आठवडाभर आलटून पालटून ऐकतोय. १९६० च्या ‘इन्क्रेडिबल जॅझ गिटार’मध्ये फक्त चौघं आहेत: गिटार, पियानो, बास, ड्रम्स. सोलो बहुधा एकेका सुराने सुरू होतो, मग ऑक्टेव्ह (तोच सूर खाली-वर दोन सप्तकांत एकत्र), मग अख्खे कॉर्ड (अनेक सूर एकदम), आणि चढतच जातो. १९६७ च्या ‘अ डे इन द लाइफ’मध्ये मागे व्हायोलिनं, बीटल्सची गाणी, आणि वेस मुख्यतः चाल वाजवतो. अंगठ्याने छेडलेला तो गोल, मऊ नाद मात्र दोन्हीकडे तोच.

दादा म्हणतो, दुसरा अल्बम म्हणजे स्मूथ जॅझची, म्हणजे पॉपकडे झुकलेल्या गुळगुळीत जॅझची, नांदी. त्यात धोका पत्करणं नाही, वादकांचा आपसातला संवाद नाही. पण मी जॅझकडे वळलो तो याच अल्बममुळे. त्याला हलकं म्हटलं की मला खरंच लागतं.

स्ट्रेट-अहेड, म्हणजे पारंपरिक वळणाच्या जॅझमध्ये मुरलेल्यांनो, ड्रम्स आणि बासमध्ये कुठे लक्ष देऊ, म्हणजे हा संवाद कानाला कळेल? आणि गिटारवादक जॉर्ज बेन्सन? १९६८ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिससोबत वाजवणारा माणूस १९७६ मध्ये ‘ब्रीझिन’सारखा स्मूथ अल्बम करतो. त्या अल्बममधले त्याचे सोलो तुम्हाला कसे वाटतात?