शेवटच्या भागातील जिनी: लेखिकेने तिच्याबाबत हात आखडता घेतला, की तिला जाणूनबुजून दूर ठेवले?

बालाघाटची बाई (तालुका धारूर, जिल्हा बीड)

मी डोंगरपट्ट्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारपासून मार्चअखेरपर्यंत शाळेच्या व्हरांड्यात आठवीची बारा-पंधरा मुले जमत होती आणि आम्ही जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेचा सातवा, म्हणजे शेवटचा भाग वाचत होतो. इंग्रजी प्रत समोर ठेवून मी मराठीत सांगत जायचे. दर रविवारी साधारण दोन प्रकरणे होत. छत्तीस प्रकरणे आणि एकोणीस वर्षांनंतरचा उपसंहार असे सारे परवा संपले. आधीचे भाग कुणी वाचले होते, कुणी फक्त चित्रपट पाहिले होते, त्यामुळे पात्रांची ओळख करून द्यावी लागली नाही.

मला प्रश्न विचारायचा आहे तो या पुस्तकातील प्रेमप्रकरणांविषयी. हॅरीचे जिवलग मित्र रॉन आणि हर्मायनी यांची जोडी जमली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. हॅरी आणि रॉनची धाकटी बहीण जिनी यांच्या बाबतीत मात्र वर्गाचा कौल जवळजवळ एकमुखी होता, की ही मुलगी पुस्तकात नसती तरी काही अडले नसते. हॅरीच्या सतराव्या वाढदिवशी ती त्याला आपल्या खोलीत बोलावते आणि त्याचे चुंबन घेते, तेवढ्यात रॉन दार उघडतो. तिथून पुढे ती जवळजवळ थेट शेवटच्या लढाईतच दिसते. (त्या खोलीतल्या प्रसंगाला शब्द कोणता वापरावा, हाही मला पडलेला पेच होता. ‘मुका’ म्हटले तर तो लहान बाळाचा होतो आणि ‘चुंबन’ म्हटले की मुले खाली माना घालतात.)

पण एका मुलीने वर्गाचे म्हणणे मान्य केले नाही. तिचे आईवडील उसतोडीला गेलेले आहेत आणि ती आजीजवळ राहते. सोळाव्या प्रकरणात एक लहानसा प्रसंग आहे. मोहिमेवर निघालेल्या तिघांपैकी रॉन भांडून निघून गेलेला असतो, तंबूत हॅरी आणि हर्मायनी दोघेच उरलेले असतात, आणि हॅरी तो जादूचा नकाशा काढून बसतो, ज्यावर शाळेतील प्रत्येक माणूस नावाच्या ठिपक्याच्या रूपाने दिसतो. आधी तो रॉनचा ठिपका कुठे उमटतो का ते पाहतो. नंतर मुलींच्या शयनगृहातील जिनीच्या नावाकडे नुसता बघत राहतो. आपण इतके टक लावून पाहतो आहोत हे तिला झोपेत जाणवेल का, असे त्याला वाटत असते. मी ते वाक्य सांगून पुढे सरकले होते. ती मुलगी म्हणाली, “बाई, माय ऑनलाइन दिसली की मी काही लिहीत नाही. ती हाय एवढं कळतंय, बास. हॅरी पण तेच करतोय.”

त्या दिवसापासून माझ्या मनात हेच घोळते आहे. हे बळ पुस्तकातले आहे, की माझ्या विद्यार्थिनीने आपल्या पदरचे घालून एका ओळीला मोठे केले? शेवटच्या भागात जिनीला दूर ठेवणे ही लेखिकेची योजना होती, की युद्ध, मृत्यू आणि रहस्ये यांच्या गर्दीत तिला जागाच उरली नाही? आपण जाणकार मंडळी, सविस्तर लिहावे ही विनंती.

---

गोदाकाठ (नांदेड)

ताई, प्रथम आपल्या उपक्रमाबद्दल मनापासून अभिनंदन. मी महाविद्यालयात साहित्य शिकवतो आणि कादंबरीतील उपकथानक तपासताना विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: हा धागा ओढून काढला, तर मुख्य कथेतील कोणता निर्णय बदलेल?

रॉन-हर्मायनीचा धागा काढून पाहा, सातवा भाग उसवतो. रॉन तंबू सोडून जातो त्याला भूक, थंडी, घरच्यांची काळजी आणि गळ्यात घातलेल्या, खलनायक वोल्डेमॉर्टच्या आत्म्याचा तुकडा असलेल्या लॉकेटचा विषारी परिणाम ही कारणे आहेतच. पण त्या सगळ्यांच्या बुडाशी हर्मायनी हॅरीची होईल ही भीती आहे. तो जातो तेव्हा हर्मायनी हॅरीबरोबर थांबते, आणि ती थांबते म्हणून रॉनला आपली भीती खरी वाटते. पुढे तो परत येतो तोही तिच्याच आवाजामुळे. नाताळच्या सकाळी शाळेचे दिवंगत मुख्याध्यापक डम्बलडोर यांनी दिलेल्या त्या दिवे विझवणाऱ्या यंत्रातून त्याला आपले नाव ऐकू येते, आणि ते उच्चारलेले असते हर्मायनीने. ती कित्येक आठवडे रॉनचे नाव काढत नाही. रात्री मात्र रडत असते. लॉकेट फोडण्याच्या वेळी त्यातून हॅरी आणि हर्मायनीच्या प्रतिमा निघतात, त्या एकमेकांना बिलगतात आणि रॉन तलवार उगारूनही क्षणभर थिजतो. म्हणजे खलनायकाचे शस्त्रच हे प्रेम आहे. त्या प्रेमाला आलेली मत्सराची कीड रॉनने स्वतःच्या हाताने कापल्याशिवाय युद्ध पुढे सरकत नाही. आणि शेवटी, लढाई ऐन भरात असताना शाळेच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या एल्फ नावाच्या गुलाम जीवांना सुरक्षित बाहेर काढले पाहिजे, हे रॉनला सुचते. हर्मायनीच्या हातातील बॅसिलिस्क या महासर्पाचे सुळे खाली पडतात आणि ती त्याच्याकडे धावते. या एल्फांच्या हक्कांसाठी ती चौथ्या भागापासून झगडत होती आणि रॉन तिची चेष्टा करत होता. तीन भागांपूर्वी पेरलेले इथे उगवले आहे, म्हणूनच आपल्या वर्गाने टाळ्या वाजवल्या असणार.

स्वतः लेखिकेने 2014 साली एका मुलाखतीत ही जोडी म्हणजे आपली इच्छापूर्ती होती, अशा अर्थाचे सांगितले तेव्हा बराच गदारोळ झाला होता. मला तिचे ते म्हणणे पटले नाही. पुस्तकात जे सिद्ध झाले आहे ते मुलाखतीने पुसले जात नाही.

आता जिनी. हीच कसोटी लावली तर माझ्या मते ती अपुरी पडते. सहाव्या भागाच्या शेवटी, डम्बलडोरच्या अंत्यविधीनंतर, हॅरी तिला धोका नको म्हणून तिच्याशी नाते तोडतो. त्याचे नंतरचे जवळजवळ सारे निर्णय ती नसती तरी तसेच झाले असते. मात्र हा दोष मी प्रेमकथेला देणार नाही, कथनाच्या पद्धतीला देईन. ही मालिका बहुतेक सगळी हॅरीच्या खांद्यावरून पाहिलेली आहे. जिनी त्या वर्षी शाळेत राहून नेव्हिल आणि लूना या सोबत्यांबरोबर मुख्याध्यापक स्नेपच्या खोलीतून तलवार पळवण्याचा प्रयत्न करते आणि त्याची शिक्षा भोगते. हे केवढे मोठे धाडस! पण ते आपल्याला कळते नदीकाठी थांबलेल्या इतरांच्या, हॅरीने चोरून ऐकलेल्या संभाषणातून. जिनीवर अन्याय झाला असेल तर तो इथे झाला. आपल्या विद्यार्थिनीने जे पाहिले ते सुंदर आहे, पण त्यातले निम्मेअधिक तिचे स्वतःचे आहे, असे मला नम्रपणे वाटते.

---

मांजराकाठ (लातूर)

सरांची कसोटी मला अर्धीच मान्य आहे. मी लातूरला वसतिगृहात राहून प्रवेश परीक्षेची तयारी करत असताना ‘द हंगर गेम्स’ मालिकेचा तिसरा आणि शेवटचा भाग वाचला. तो 2010 साली आला. तिथे प्रेमाने कथेचे निर्णय बदलत नाहीत, उलट युद्धच प्रेमाचा निर्णय करून टाकते, आणि तरीही तो धागा फिका वाटत नाही.

नायिका कॅटनिसपुढे गेल आणि पीटा असे दोघे आहेत. गेल बंडखोरांसाठी एका सापळ्याची कल्पना रचण्यात सहभागी असतो: आधी एक स्फोट, मग जखमींना वाचवायला माणसे धावली की दुसरा. अखेरीस त्याच प्रकारच्या बॉम्बमध्ये मदतीला धावलेली कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम मरते. तो बॉम्ब नेमका गेलच्याच योजनेतला होता का, हे दोघांनाही कधीच निश्चित कळत नाही, आणि तेवढ्या अनिश्चिततेवरही ते नाते संपते. कुणी कुणाला नकार देत नाही, रडारड नाही. पीटाच्या बाजूला तर शत्रूने त्याच्या आठवणीच नासवलेल्या असतात. खरे काय आणि खोटे काय हे त्याला कॅटनिसला विचारून विचारून परत मिळवावे लागते. उपसंहाराच्या आधीच्या शेवटच्या काही ओळींत तो तिला तसेच विचारतो की तुझे माझ्यावर प्रेम आहे, हे खरे की खोटे? ती म्हणते, खरे.

‘कोण कुणाला मिळणार’ एवढ्यासाठी ते पुस्तक वाचणाऱ्या माझ्या मैत्रिणी निराश झाल्या होत्या. मला तो शेवट आजही योग्य वाटतो, कारण युद्धातून आलेली माणसे नवी जोडी शोधत नसून जगता येईल असा शेजार शोधत असतात. जिनीकडेही या नजरेने पाहिले तर?

---

मुकुंदराजाच्या गावचा (अंबाजोगाई)

मी त्या मुलीच्या बाजूने आहे, आणि त्याचा पुरावा तिच्या आयुष्यात शोधण्याची गरज नाही. तो पुस्तकात आहे.

चौतिसाव्या प्रकरणात हॅरी मरण पत्करण्यासाठी अदृश्य होण्याचा झगा पांघरून जंगलाकडे निघतो. वाटेत जिनी दिसते. घरी जायचे म्हणून कळवळणाऱ्या एका जखमी मुलीजवळ ती बसलेली असते. हॅरीला थांबावेसे वाटते, तिला हाक मारावीशी वाटते, पण तो काही न बोलता पुढे जातो. आणि वोल्डेमॉर्ट कांडी उगारतो त्या अखेरच्या क्षणी हॅरीच्या मनात येते ती जिनी, तिची ती प्रखर नजर आणि तिच्या ओठांचा स्पर्श. गोदाकाठ सर, आपण म्हणता ती निर्णय बदलत नाही. इथे तिच्याकडे न वळणे हाच निर्णय आहे. नकाशावरच्या ठिपक्याकडे पाहणे, पण निरोप न धाडणे. शेजारून जाणे, पण हाक न मारणे. आणि युद्ध जिंकल्यावरही ती आईच्या खांद्यावर डोके टेकून बसलेली दिसते तेव्हा, बोलायला पुढे पुष्कळ वेळ आहे, असे मनाशी म्हणून रॉन आणि हर्मायनीला शोधायला जाणे. तीनदा एकच गोष्ट घडते, आणि ती योगायोगाने घडत नाही. त्या मुलीने यातले पहिले स्थान अचूक ओळखले. ‘ती आहे एवढे कळते’ हा सोळाव्या प्रकरणाचा अर्थच आहे, तिने तो आपल्या शब्दांत सांगितला इतकेच.

उपसंहाराबद्दल मात्र माझी तक्रार आहे. शाळेत जमलेली प्रत्येक जोडी एकोणीस वर्षांनी मुलाबाळांसह त्याच फलाटावर उभी करणे हे मला घाईचे वाटते. तिथे जिनी केवळ आई होऊन उरते. तलवार पळवायला निघालेली ती मुलगी तिथे दिसत नाही.

आणखी एक. ताई, या भागातले सर्वांत अवघड प्रेम हॅरीचा जुना शिक्षक ल्यूपिन आणि त्याची बायको टॉन्क्स यांचे आहे. बायको गरोदर असताना ल्यूपिन हॅरीसोबत मोहिमेवर यायला निघतो, आणि हॅरी त्याला तोंडावर भित्रा म्हणतो. आईवडिलांनी अगदी भाग पडल्याशिवाय लेकरांना सोडून जाऊ नये, असे सुनावतो. जिथे निम्म्या मुलांचे आईवडील कोयता घेऊन गेलेले आहेत, त्या वर्गात हे प्रकरण आपण कसे सांगितले, हे जाणून घ्यायला आवडेल.

---

बालाघाटची बाई (तालुका धारूर, जिल्हा बीड)

सर्वांचे मनापासून आभार. चौतिसाव्या प्रकरणातील शेजारून जाण्याचा आणि सोळाव्यातील ठिपक्याचा संबंध माझ्या ध्यानातच आला नव्हता. मांजराकाठ यांनी सांगितलेला ‘शेजार’ हा शब्दही मी लिहून ठेवला आहे. गोदाकाठ सरांचे दृष्टिकोनाविषयीचे म्हणणेही मला पटते. मुलांना जिनी अनावश्यक वाटली याचे एक कारण, तिचे धाडस त्यांना दिसलेच नाही, फक्त ऐकू आले, हे असावे.

ल्यूपिनच्या प्रकरणाविषयी खरे तेच लिहिते. तो अकराव्या प्रकरणाचा रविवार होता आणि ऊसतोडीच्या टोळ्या गावातून जाऊन जेमतेम दीड-दोन महिने झाले होते. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, त्यामुळे गेली तर दोघेही जातात. हॅरीचे ते वाक्य माझ्या तोंडून निघाले आणि व्हरांड्यात एकदम शांतता झाली. मी गडबडून पुढचा परिच्छेद सांगायला घेतला. तेव्हा मागे बसलेल्या एका मुलाने विचारले, “बाई, ल्यूपिननं उचल घेतली होती का?” मी नाही म्हणाले. तो म्हणाला, “मंग हॅरीचं बराबर हाय.” दोन-तीन मुलांनी माना हलवल्या. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या माणसाचे जाणे आणि ल्यूपिनचे जाणे यातला फरक त्यांनी मला समजावला. त्यानंतर ल्यूपिन परत फिरला, त्याला मुलगा झाला आणि लढाईत तो व टॉन्क्स दोघेही मारले गेले, तेव्हा सर्वांत जास्त हळहळला तो हाच मुलगा.

उपसंहारातील जिनीबद्दल मी अंबाजोगाईकरांशी पूर्ण सहमत आहे, पण मुलांना तो शेवट आवडला. विशेषतः ल्यूपिनचा पोरका मुलगा आठवड्यातून चारदा हॅरीकडे जेवायला येतो, हे त्यांनी दोनदा सांगायला लावले.

एक चूक माझ्याकडून झाली आहे. चौतिसाव्या प्रकरणातली ती शेवटची ओळ सांगताना मी ‘त्याला जिनी आठवली’ एवढेच म्हणाले आणि ओठांचा स्पर्श गाळला. गुढीपाडव्याच्या आगेमागे टोळ्या परतल्या, त्या मुलीची आईही आली आहे. येत्या रविवारी मी ते प्रकरण पुन्हा काढणार आहे आणि ती ओळ पूर्ण सांगणार आहे. ‘मुका’ नाही आणि ‘चुंबन’ही नाही, ‘तिचे ओठ त्याच्या ओठांवर टेकले होते ते त्याला आठवले’ असे सांगायचे ठरवले आहे.