सोलमधील अल्थेराचे दुसरे सत्र कधी घ्यावे?

प्रश्न :
मार्चमध्ये दक्षिण कोरियातील सोलच्या गंगनाम भागात मी गाल व हनुवटीखाली अल्थेरा, म्हणजे अल्ट्रासाउंडने त्वचा घट्ट करण्याचा उपचार, करून घेतला. ऑगस्टमध्ये कामानिमित्त पुन्हा तिकडे जाणे आहे. त्याच खेपेत दुसरे सत्र घ्यावे काय?

प्रतिसाद १ :
घाई करू नये, असे माझे मत आहे. या उपचारात त्वचेखाली १.५, ३ आणि ४.५ मिलिमीटर खोलीवर साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसची उष्णता बिंदूबिंदूने पोचवली जाते आणि त्यातून नवे कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन, तयार होण्यास दोन-तीन महिने, कधी सहा महिनेही लागत असल्याने, पाचव्या महिन्यात पुन्हा खर्च करणे म्हणजे भात शिजण्याआधीच दुसरे आधण ठेवण्यासारखे आहे. ऑगस्टमध्ये केवळ तपासणी करून घ्यावी.

प्रतिसाद २ :
सहमत. मात्र त्या भेटीत कोणत्या खोलीवर अल्ट्रासाउंडच्या किती रेषा दिल्या, याची इंग्रजी नोंद अवश्य मागून घ्यावी, कारण ‘हायफू’ (एका बिंदूवर एकवटलेल्या अल्ट्रासाउंडचा उपचार) या एकाच नावाखाली निरनिराळी यंत्रे वापरली जातात आणि त्वचेचे थर पडद्यावर पाहत काम करण्याची अल्थेराची सोय सगळ्यांत नसते. (भाषांतरासाठी दुभाषा आधीच ठरवावा.)

प्रतिसाद ३ :
पुढे सत्र ठरलेच, तर परतीचे विमान दुसऱ्याच दिवशीचे नसावे. सूज व बधिरपणा बहुधा आपोआप ओसरतो. परंतु ओठ एका बाजूला वाकडा वाटल्यास डॉक्टर जवळ असलेले बरे.

प्रश्नकर्ती :
आभारी आहे. ऑगस्टमध्ये तपासणीचीच वेळ घेते.