मोठ्या आईला सेप्सिस झालंय, वजन ९० किलो आहे, जाड माणूस यातून निघतो का? मदत हवी आहे

पांढरकवड्याचा_पोट्टा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहून राहिलो, मोबाईलवर टाईप करतोय त्यामुळे चुका सांभाळून घ्या. रात्रीचा एक वाजलाय, आयसीयूच्या बाहेर बसलोय आणि झोप काही येत नाही.

आम्ही पांढरकवड्याकडचे. माझी मोठी आई, वय ५८, शुगर १० वर्षांपासून, गोळ्या आठवल्या तर घेते. पऱ्हाटी काढून झालेल्या वावरातून चालली होती, चप्पल फोडून धसकट तळपायात घुसलं. तिनं बिब्बा लावला आणि कोणाले सांगितलंच नाही. शुगरवाल्याला पायाचं दुखणं धड कळत पण नाही म्हणतात. चौथ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत लाल, हुडहुडी भरून ताप, गावातल्या डॉक्टरकडे सुई घेतली, थोडं बरं वाटलं म्हणून अजून एक दिवस घरीच काढला, आणि मग ती बरळायलाच लागली, लघवी बंद, हातपाय गार. १०८ बोलावली. आता जिल्ह्याच्या ठिकाणी खाजगीत आहे. पाय उघडून सडलेलं मांस काढलं, नॉरॲड (बीपी वर ठेवायचं औषध) चालू आहे, श्वासाची मशीन लागली आहे. फाईलवर सिव्हियर सेप्सिस विथ शॉक लिहिलंय, म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयव बंद पडायला लागले आणि बीपी कोसळलं.

आता खरा प्रश्न. आमच्यात दोन पार्ट्या पडल्या आहेत. काकाजी म्हणतात एवढं अंगानं जाड बाईमाणूस, शुगर, यातून निघत नसते, उगाच वावर विकायला लावतील, घरी घेऊन चला. माझा मामेभाऊ पुण्यात असतो, त्यानं गुगल करून पाठवलं की सेप्सिसमध्ये जाड लोकं बारीक लोकांपेक्षा जास्त वाचतात, त्याला ओबेसिटी पॅराडॉक्स म्हणतात. दोघंही वजनावरच बोलतात आणि दोघंही उलटं सांगतात! खरं काय धरायचं?

आणि गंमत म्हणजे वजन नेमकं किती हेच कोणाला माहीत नव्हतं. ॲडमिट करताना डॉक्टरनी विचारलं तर मोठे बाबा म्हणे ७०, वहिनी म्हणे शंभरच्या वर. मग मला आठवलं, दिवाळीत कापूसवाला व्यापारी मोठा काटा घेऊन आला होता तेव्हा पोरांनी जबरदस्तीनं तिले काट्यावर उभं केलं होतं, ९० भरली, दिवसभर चिडवत होते सगळे. तोच आकडा फाईलमध्ये गेला. उंची जेमतेम १५० सेंमी.

काकाजीचं अजून एक म्हणणं आहे की तिच्या अंगावर भरपूर आहे, आठ दिवस पोटात काही नाही गेलं तरी चालते. हे बरोबर आहे का? कोणी आयसीयूत काम करणारं असेल तर प्लीज सांगा.

सिस्टर_वर्धा

भाऊ, मी १४ वर्षं आयसीयूत ड्युटी करते. तुमची पेशंट मी बघितलेली नाही त्यामुळे ती निघेल का ते मी सांगणार नाही, ते तिथल्या डॉक्टरांनाच विचारा. पण वजनाचं सांगते.

९० किलो आणि १५० सेंमी म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) बरोबर ४०. मामेभावानं पाठवलं ते खोटं नाही. बऱ्याच अभ्यासांत दिसलंय की सेप्सिसमध्ये जास्त वजनाच्या पेशंटचे मृत्यू नॉर्मल वजनवाल्यांपेक्षा थोडे कमी किंवा तेवढेच असतात, आणि सगळ्यात वाईट हाल होतात ते अगदी काडीसारख्या, १८.५ च्या खाली बीएमआय असलेल्यांचे. आमच्याकडे पण तेच बघते, टीबी झालेला, दारूनं वाळलेला माणूस आला की पोटात गोळाच येतो, कारण झुंजायला अंगात मांसच नसतं. त्यामुळे जाड आहे म्हणून निघत नाही, हे काकाजींचं म्हणणं चूक. पण जाड आहे म्हणून वाचेलच असंही धरू नका.

खरं म्हणजे जाड पेशंटचा त्रास वेगळ्याच ठिकाणी असतो. शीर सापडत नाही. बीपीचा पट्टा दंडाला छोटा पडला तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, म्हणजे पेशंट खाली चाललाय आणि आपण निवांत! सपाट झोपवलं की पोटाचा भार छातीवर येतो म्हणून डोक्याकडची बाजू वर ठेवावी लागते. पाठीला जखमा लवकर होतात, कूस बदलायला चार माणसं लागतात. मशीनवरचे दिवसही वाढू शकतात.

आणि वजनाचा आकडा जपून ठेवला ते फार चांगलं केलं. सुरुवातीच्या ३ तासांत सलाईन किलोला ३० मिली या हिशोबानं देतात. ९० धरले तर २७०० मिली, आणि उंचीवरून जे वजन निघतं ते धरलं तर साधारण १३००. एवढ्या जाड पेशंटमध्ये कोणतं वजन धरायचं यावर डॉक्टरांचंही एकमत नसतं, मग लघवी, बीपी, लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की रक्तात वाढतं ते) बघत बघत देतात. श्वासाच्या मशीनला मात्र काट्यावरचं वजन चालतच नाही. फुफ्फुसं काही माणूस जाड झाला म्हणून मोठी होत नाहीत. १५० सेंमीच्या बाईला ४३ किलो धरून किलोला ६ मिली, म्हणजे एका श्वासाला २६० च्या आसपास.

आता खाण्याचं. काकाजींना सांगा चरबी असली म्हणजे उपाशी ठेवून चालते हा मोठा गैरसमज आहे. सेप्सिसमध्ये चरबी कितीही असली तरी शरीर स्वतःचं मांस भराभर खातं, आणि मग पेशंट बरा झाला तरी उठून बसायची ताकद नसते. बीपी थोडं सावरलं की नाकातल्या नळीतून फीड कधी चालू करणार ते रोज विचारा.

निसर्गोपचार_घरोघरी

शतावरी आणि गुळवेलचा काढा नळीतून द्या, ३ दिवसांत इन्फेक्शन जाते, इंग्रजी औषधांनी किडनी खराब होते.

सिस्टर_वर्धा

नळीतून डॉक्टरांना न विचारता एक थेंब पण काही देऊ नका भाऊ. किडनी सेप्सिसनं बंद पडली आहे, औषधानं नाही.

आकडेमोड

मी डॉक्टर नाही, आकडेवारीचं काम करतो, म्हणून पॅराडॉक्सबद्दल जरा पाणी टाकतो. अशा अभ्यासात मोजले जातात ते आयसीयूपर्यंत पोचलेले पेशंट. जाड माणसाला हॉस्पिटल जरा लवकरच आयसीयूत घेतं, कारण वॉर्डात त्याची काळजी घेणं अवघड असतं. म्हणजे त्यांच्यात थोडे कमी आजारी लोकं पण मिसळतात. दुसरं, बारीक माणूस आजारपणानंच बारीक झालेला असू शकतो, मग मारलं कोणी, बारीकपणानं की आतल्या कॅन्सरनं? तिसरं म्हणजे वजनच. बऱ्याच ठिकाणी ते अंदाजानं लिहितात नाहीतर चार लिटर सलाईन गेल्यावर मोजतात, त्यामुळे तुमच्या कापसाच्या काट्याचा आकडा खूप फाईलींपेक्षा खरा असेल बरं का.

२०१३ मध्ये कॅनडा, अमेरिका आणि सौदीतल्या सेप्टिक शॉकच्या पेशंटवर मोठा अभ्यास आला होता. साधे आकडे बघितले तर जाड लोकांचे मृत्यू कमी. पण वय, आजार, उपचार असे फरक हिशोबात धरले तर तो फायदा जवळजवळ विरघळला. आणि त्यात हेही निघालं की जाड पेशंटना किलोमागे सलाईन आणि ॲन्टिबायोटिक दोन्ही कमी मिळत होतं. मला वाटतं तुमच्या कामाचं हेच आहे, वजन मोठं असेल तर काही औषधांचा डोस कमी पडू शकतो, तेवढं नम्रपणे विचारा. शिवाय हे सगळं विलायती पेशंटवर आहे, आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की धोका धरतात. आणि प्रत्येक इन्फेक्शनला हे लागू नाही, २००९ चा स्वाइन फ्लू आणि कोविड दोन्हीत जाड लोकांचेच हाल जास्त झाले.

घरी न्यायचं ठरवताना वजन हा मुद्दाच बाजूला ठेवा. किती अवयव बंद पडलेत, लॅक्टेट उतरतंय का, सडलेला भाग पूर्ण निघाला का, हे विचारा. शॉक म्हणजे साधी गोष्ट नाही, २०१६ च्या व्याख्येतला सेप्टिक शॉक असेल तर १०० तले ४० च्या वर जातात. पण मग बाकीचे वाचतात ना.

उमरीवाली_ताई

माझे बाबा ४१ किलोचे होते हो. दीड वर्षांपूर्वी निमोनियातून सेप्सिस. आम्ही पण म्हणायचो अंगानं हलके आहेत, बीपी नाही शुगर नाही, निघतील. पाचव्या दिवशी गेले. तुम्ही वजनाचं डोक्यातून काढून टाका दादा. पैशासाठी घरी नेत असाल तर आधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (सरकारी योजनेचा माणूस) भेटा, जन आरोग्य योजनेत बसते का ते विचारा, नाहीतर नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजात हलवता येईल का ते बोला, पण चालू नॉरॲडवर घरी नेऊ नका, रस्त्यातच जाते माणूस.

पांढरकवड्याचा_पोट्टा

सगळ्यांचे आभार, उत्तर द्यायला उशीर झाला. आज सहावा दिवस. सिस्टर तुम्ही सांगितलं तसं डॉक्टरले विचारलं, ते आधी जरा वैतागले, मग बसवून समजावून सांगितलं. म्हणाले सलाईन आम्ही अंदाज घेत घेतच दिलं, मशीनसाठी पहिल्याच दिवशी टेप लावून उंची मोजली होती. बीपीचा पट्टा मी पाहिला, मोठाच आहे. नॉरॲड अर्ध्यावर आलंय, लघवी सुरू झाली पण डायलिसिस दोनदा लागलं. उद्या पाय परत ऑपरेशन थिएटरात उघडणार, दोन बोटं जातील म्हणतात. डोळे उघडते, मोठे बाबा बोलले की त्यांच्याकडे पाहते.

योजनेचं आरोग्यमित्राकडे कागद दिले, रेशनकार्डावर तिचं नाव चुकीचं आहे, ते निस्तरायला भाऊ तहसीलला गेलाय.

घरी न्यायचं काकाजी आता बोलत नाहीत. कालपासून नळीनं फीड सुरू झालं, तासाला ४० मिली, तर ते सिस्टरले जाऊन विचारून आले, या नळीतून ज्वारीची आंबील चालते का जी.