अनुभव धागा: पाळायला कोण आणायचं? मुलांसाठी लिहिलेल्या चिमुकल्या गोष्टी

जुईचा_वेल
काल माळा आवरताना लेकीची दुसरीतली वही सापडली. मागच्या पानावर माझ्या अक्षरात एक गोष्ट. तेव्हा आम्ही नारायण पेठेत दोन खोल्यांत राहायचो आणि तिचा रोज रात्री एकच प्रश्न, "आई, कुत्रा कधी आणायचा?" आणणं शक्य नव्हतं. मग मी तिला गोष्टी लिहून द्यायचे, या कुशीवरून त्या कुशीवर वळेपर्यंत संपणाऱ्या. ही त्यातली:

"मिनूला पिल्लू हवं होतं. जिन्याखाली पाच होती. एक पांढरंशुभ्र. एक गुबगुबीत. दोन सारखी भांडणारी. पाचवं पोत्यात तोंड खुपसून बसलेलं. मिनू पांढऱ्याला उचलायला वाकली. तेवढ्यात पाचव्याने नाक बाहेर काढलं आणि तिच्या चपलेचा अंगठा चाटला. मिनू म्हणाली, 'अरे, तू मला आधीच निवडलंस होय?'"

खाली लेकीने पेन्सिलीने लिहिलंय, "बाकीच्या चार जणांचं काय झालं?" 'चार' दोनदा खोडून पुन्हा लिहिलाय. मी स्टुलावरच बसले. लेक आता बंगळूरला असते. तिला फोटो पाठवला तर उत्तर आलं, "तू अजून सांगितलं नाहीस."

तुम्हीही अशा गोष्टी लिहिल्या, सांगितल्या असतील तर इथे द्या. कशा सुचल्या तेही लिहा.

दोन_बोक्यांची_आई
सकाळी सकाळी रडवलंस गं. कुकर लावलाय, नंतर येते.

बालवाडीताई
फार आवडली. आमच्या वर्गातली मुलं अजून एक विचारतील: पिल्लांची आई कुठे होती? आणि बरोबरच आहे त्यांचं. आठ आठवडे तरी पिल्लू आईजवळ हवं, नाहीतर चावण्या-खेळण्याची रीत ते शिकत नाही. एवढ्याशा गोष्टीतही आई एका ओळीत यायला हवी, "आई जवळच झोपली होती" इतकंच.

पहिलीसाठी लिहिताना मी दोन गोष्टी पाळते. जोडाक्षरं कमी ठेवायची, 'स्वच्छ'पाशी मुलं हमखास अडखळतात. आणि प्राणी तीनच, त्यापुढे ती मोजत बसतात. मात्र का निवडला ते आपण सांगायचं नाही. एकदा विचारलं, तुम्ही कोणाला न्याल? ससा, मांजर की कासव? एक मुलगा म्हणाला, "कासव. ते शाळा सुटेपर्यंत तिथेच असतं." त्याचा कुत्रा महिन्यापूर्वी हरवला होता, हे मला नंतर कळलं. गोष्ट मी लिहिली होती, पण शेवट त्याचा.

पर्वतीपायथा
आमचे बाबा पेशवे पार्कात न्यायचे आणि प्रत्येक पिंजऱ्यापुढे विचारायचे, "हा घरी न्यायचा का?" मग तो घरी आल्यावर काय होईल याची गोष्ट. हत्ती जिन्यात अडकायचा, माकड आजीची कवळी पळवायचं. शेवटी चालत घरी येईपर्यंत "आपण मांजरच आणू" हे मीच म्हणायचो. १९९९मध्ये प्राणी कात्रजला गेले. मी मुलाला तिथे नेतो, पण परत येताना गाडीत तो झोपतो, गोष्ट राहूनच जाते.

कोथरूडची_माऊ
आणि पेशवे पार्कातली फुलराणी!! १९५६ची मुलांची छोटी आगगाडी आहे ती, माझी आई बसलीये त्यात. हत्तीची गोष्ट पूर्ण लिहा ना.

पर्वतीपायथा
रात्री लिहितो, आता मीटिंग.

खिडकीतला_पेरू
माझ्या पहिल्या गोष्टीत मुलीला वाढदिवसाला पिंजऱ्यातला पोपट मिळत होता. भाचीला वाचून दाखवली तर भाऊ म्हणाला, अगं १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार आपला हिरवा पोपट पाळता येत नाही, चांदणी कासवही नाही. मला खरंच माहीत नव्हतं, आमच्या आजोळी होता पिंजरा. आठवडाभर गोष्ट बाजूला ठेवली. मग ही झाली:

"सईला पोपट हवा होता. बाबांनी खिडकीत पेरूची फोड ठेवली. पहिल्या दिवशी मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी खार आली. तिसऱ्या दिवशी पोपट आला. अर्धी फोड खाल्ली, उडून गेला. सई म्हणाली, 'गेला!' बाबा म्हणाले, 'उद्याची फोड कापून ठेव.'"

भाचीने त्या दिवसापासून खिडकीत फोड ठेवायला सुरुवात केली. अजून खारच येते.

दोन_बोक्यांची_आई
आले. मांजर आपण निवडतच नाही. आमच्याकडे पहिला बोका पावसात गॅलरीत आला आणि धुतलेल्या चादरीवर बसला. गोष्ट तेवढीच: "आम्ही कुत्रा आणायला निघालो. दार उघडलं. दारात मांजर. आम्ही परत आत आलो." धाकटा रोज तीनदा म्हणायला लावायचा.

शनिवारची_सुट्टी
ही लिहिताना अजून वाईट वाटतं. लेकाला सोनमासा हवा होता. दुकानदाराने काचेचं गोल भांडं दिलं, म्हणाला एवढं पुरे. सहाव्या दिवशी सकाळी लेक दात घासायचे सोडून भांड्यापुढे उभा, ब्रश तोंडात तसाच. फेस हनुवटीवर. नंतर वाचलं की हा मासा नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. त्याला मोठी टाकी लागते, फिल्टर लागतो, आणि पाणी मुरायला काही आठवडे जातात. ही गोष्ट मी त्याला माफी म्हणून लिहिली:

"ओमने आधी टाकी आणली. मग पाणी भरलं. मग थांबला. आजी म्हणाली, 'मासा कुठंय?' ओम म्हणाला, 'त्याचं घर तयार होतंय.' रोज तो रिकाम्या टाकीला शुभ रात्री म्हणायचा."

मासा गोष्टीत येतच नाही. लेकाला तेच आवडलं.

बालवाडीताई
ही वर्गात वाचू का?

शनिवारची_सुट्टी
जरूर.

नवीन_पालक
अवांतर, माफ करा. बिल्डिंगखालचं गावठी पिल्लू घरी घेतलंय, साधारण अडीच महिन्यांचं. रेबीजची लस कधी?

दोन_बोक्यांची_आई
तीन महिन्यांचं झालं की. पण जंत आणि बाकीच्या लसींसाठी आत्ताच डॉक्टरांना दाखवा. महापालिकेचा परवानाही काढा. नाव काय ठेवलं?

नवीन_पालक
लेक रोज बदलतेय. आज 'बटाटा'.

जुईचा_वेल
सगळं वाचलं, काही दोनदा. रात्री बसून लेकीला उत्तर लिहिलं. ताई, आई घातलीये.

"चार पिल्लं जिन्याखालीच राहिली, आईजवळ. गुबगुबीत होतं ते वाण्याच्या पायरीवर झोपू लागलं. दोन भांडखोर मोठे झाले, गल्ली राखू लागले. मिनू शाळेला निघाली की पांढरं तिला कोपऱ्यापर्यंत सोडायचं. पाचवं गॅलरीतून बघायचं. चौघांची आई खालून वर बघायची."

पाठवली. दोन मिनिटांत फोन. म्हणाली, "पांढऱ्याला नाव नाही?"

दोन_बोक्यांची_आई
दहीभात.

बालवाडीताई
जोडाक्षर नाही. चालेल.