सहा वर्षांच्या पोरीसाठी तिरकमठा: ताण किती, बाण कसे, आणि पारधीतलं काय शिकवायचं?

धुऱ्यावरचा:
मुलगी सहा वर्षांची, उंची 114 सेंमी, उजव्या हाताची. कुरखेडा तालुका, घराला लागून धानाचं वावर. घरी म्हाताऱ्या माणसाचा तिरकमठा आहे, पण तो पाच फुटी. तिच्यानं वीतभरही ओढला जात नाही. प्लास्टिकचं खेळणं नको, बांबूचाच पाहिजे. विचारायचं ते असं: 1) लांबी आणि ताण किती ठेवू? 2) बाण तुराटीचे चालतील का? टोक कोणतं लावू? 3) मोठ्यांसोबत पारधीला जायची परंपरा आहे, तर तिला जंगलात कधीपासून न्यायचं?

धामण_कामठी:
मोठा तिरकमठा कापून लहान करायच्या भानगडीत पडू नका. लांबी कमी झाली की ताण वाढतो, आणि कामठी (तिरकमठ्याची वाकणारी पट्टी) मधेच मोडते. नवाच करा, बांबू आपल्याकडे फुकटात आहे.

आधी माप घ्या. दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत जे येईल त्याला अडीचने भागा. तिचं 114च्या आसपास येईल, म्हणजे ओढ (दोरी मागे ओढल्यावर बाणाची येणारी लांबी) साधारण 45 सेंमी. तिरकमठा तिच्या उंचीएवढा, 110 ते 115 सेंमी. ताण पूर्ण ओढीवर 3 ते साडेतीन किलो, त्याच्या वर नाही. हा आकडा हाताच्या अंदाजाने काढायचा नसतो. स्प्रिंगचा लटकता काटा दोरीला अडकवा, 45 सेंमीपर्यंत खाली ओढा आणि वाचा. पोरीने पाच आकडे मोजेपर्यंत ओढून धरला आणि खांदा कानाकडे चढला नाही, तर ताण बरोबर. चढला, तर अजून खरवडा.

बांबू मानवेलच घ्या, भरीव असतो. कटांग पोकळ आणि जाड. त्याच्या चिपा निघतात खऱ्या, पण मूठ धरायला ओबडधोबड. तीन वर्षांचा वासा घ्या. सालीवरची पांढरी पावडर गेलेली, रंग फिकट पडलेला, ठोकला तर खणखण वाजतो. तोडायचा दसऱ्यानंतर आणि होळीच्या आधी. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत पिठूळ साखर भरपूर असते, महिन्याभरात घुण लागतो आणि कामठीतून पीठ गळायला लागतं. सावलीत किंवा चुलीवरच्या माळ्यावर धुरात सहा आठवडे वाळवा. उन्हात टाकलात तर चिरा पडतील.

चीर 25 मिमी रुंद, 8 मिमी जाड काढा. मधे 25 मिमी ठेवून दोन्ही टोकांकडे 14 मिमीपर्यंत निमुळती करा. आता मुख्य गोष्ट: सालीची बाजू बाहेर, म्हणजे निशाणाकडे. ताण सालीतल्या दाट धाग्यांवर येतो, म्हणून तिकडे चाकू लावायचाच नाही. जाडी कमी करायची ती फक्त पोटाच्या बाजूने, आणि तेही फुटलेल्या काचेच्या तुकड्याने. गाठीवरचा उंचवटा सालीकडून सपाट केला की पहिली चीर तिथूनच उठते. तीन-साडेतीन किलोवर येईपर्यंत मधली जाडी 6 मिमीच्या आसपास उतरेल.

दर वीस-पंचवीस खरवडांनंतर खुंटीला टांगून ओढा आणि लांबून पाहा. मुठीच्या दोन्ही बाजूंचा वाक सारखा दिसला पाहिजे. एक बाजू ताठ असेल तर त्याच बाजूला पोटाकडून घासा. वाकलेल्या बाजूला हात लावू नका. घाईत इथेच चूक होते, माणूस दोन्हीकडून घासत सुटतो आणि ताण एकदम दोन किलोवर येतो. मधे दहा सेंमी सुती दोरा गुंडाळून मूठ बांधा.

शेवटी कच्चं जवसाचं तेल, कापडाने पातळ, दोन हात. मोहाच्या बियांचं, म्हणजे टोळीचं तेल लावू नका, ते हिवाळ्यात थिजतं आणि मूठ चिकट राहते.

शरकांडी:
धामणभाऊंनी कामठीचं सांगितलं, मी बाणाचं सांगतो. तुराटी अजिबात नको. वरून सरळ दिसते, पण वाळताना आत लांब भेगा पडतात. सोडताना फुटली तर तुकडा डाव्या हाताच्या अंगठ्याशी किंवा मनगटात घुसतो. पऱ्हाटीचंही तेच. बारीक भरीव बांबूच्या काड्या घ्या, 6 मिमी जाडीच्या.

लांबी: ओढ 45, म्हणून बाण 52 सेंमी. सात सेंमी जास्त का? पोर एखाद्या वेळी जास्तच ओढतं. आखूड बाण मुठीच्या मागे पडला आणि सुटला, तर सरळ हातातून जातो. लहान मुलांच्या दुखापतींत ही सगळ्यात वाईट. म्हणून बाणावर 46 सेंमीला लाल दोरा बांधून ठेवा. तो मुठीपाशी आला की ओढणं बंद.

काडी वाकडी असेल तर निखाऱ्यावर फिरवून गरम करा, हिरवट रंग पिवळा पडू लागला की गुडघ्यावर सरळ करून थंड होईपर्यंत धरा. खाच गाठीच्या थोडी वर, 6 मिमी खोल घ्या. गाठ खाली असली की काडी फाटत नाही. खाचेखाली दोऱ्याचे दहा-बारा वेढे आणि फेविकॉल.

पिसं कोंबडीच्या पंखाची, तीन, साडेसहा सेंमी लांब, तिन्ही एकाच बाजूच्या पंखातली. डाव्या-उजव्या पंखांची मिसळ झाली की बाण हवेत फिरता फिरता अडखळतो. पुढचं टोक दोऱ्याने दाबून बांधा, नाहीतर सुटताना पिसाचा देठ बोटावरून ब्लेडसारखा जातो. मोराची पिसं वापरू नका. कुठून आली हे विचारलं की उत्तर देत बसाल.

टोक बोथट. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून अडीच सेंमीचा गोळा करा, वरून सुतळी. याने पुढचा भार वाढतो आणि बाण सरळ जातो. लोखंडी टोक या वयात घरात नको.

एक खूण सांगून ठेवतो. उजव्या हाताच्या पोराचे बाण सारखे डावीकडे जात असतील, तर नेम चुकतो असं समजू नका. हलक्या ताणाला काडी ताठ पडते. काडी थोडी खरवडा किंवा टोकाचा भार वाढवा, मूठही जाड असेल तर पातळ करा. आणि दर वेळी वापराआधी बाण हलका वाकवून कानाशी धरा. कचकच आवाज आला की चुलीत.

धुऱ्यावरचा:
दोघांचे आभार. दोरी कशाची? आणि तिसरा प्रश्न राहिला.

मोहपाखर:
दोरीचं थोडक्यात: बांबूच्या सालीची दोरी आपल्याकडची जुनी रीत खरी, पण पोरीसाठी नको. वाळली की तिच्या कडा तडकतात आणि हातावर ओरखडे काढतात. पॉलिस्टरचा जाड शिवणदोरा बारा पदरी पिळून मधमाश्यांचं मेण लावा. नायलॉन लांबतो. दोरी चढवल्यावर कामठी आणि दोरीत 12 सेंमी अंतर. खेळ झाला की दोरी उतरवून ठेवायची. बाण न लावता दोरी सोडायची नाही. रिकाम्या सोडण्याचा सगळा जोर कामठीवर येतो.

आता तिसरा प्रश्न. स्पष्ट बोलतो, रागावू नका. पारधीला नेऊ नका, सहाव्या वर्षीही नाही आणि सोळाव्याही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या कलम 9 नुसार अनुसूचीतल्या वन्यप्राण्याची शिकार बंद आहे. आपल्याकडचा ससा, रानडुक्कर, चितळ, तितर सगळे त्यात येतात. 'शिकार' या शब्दात प्रयत्नही धरला आहे, घरटं-अंडी छेडणंही. 'हत्यारा'च्या व्याख्येत धनुष्यबाण नावानिशी आहे, आणि कलम 31 प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरता येत नाही. नवेगाव, नागझिरा, ताडोबाच्या बाजूच्या गावांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. अभयारण्यातल्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात वनोपजाचे आणि मासेमारीचे हक्क आले, पण पारधीचा पारंपरिक हक्क स्पष्टपणे वगळला. पीक नुकसानीपोटी रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी जी परवानगी मिळते ती लेखी, नावावर आणि अटींसह असते. त्यात पोर आणि तिरकमठा बसत नाही.

पण पारध म्हणजे शेवटचा बाण एवढीच नसते. माग काढणं, वारा पाहणं, दबत जाणं आणि थांबणं, हे तर सगळं वावरातच शिकवता येतं. संध्याकाळी धुऱ्याजवळ दोन हात रुंद पट्टी मऊ माती चाळून पसरा, सकाळी दोघांनी जाऊन वाचा. रानडुकराच्या खुरामागे दोन लहान ठिपके उमटतात, चिखलात ते फाकलेले दिसतात. चितळाचा खूर टोकदार आणि अरुंद, रोहीचा लांब आणि मोठा. ससा धावताना मागचे पाय पुढच्या पायांच्या पुढे टाकतो. मोराची तीन बोटं पुढे. प्रत्येक खुणेशेजारी काडी ठेवून पोरीने सांगायचं: कुठून आला, कुठे गेला, थांबला कुठे. वाऱ्यासाठी चुलीतली राख चिमटीत धरून सोडा.

दबत जाण्याचा खेळ सागाच्या पाचोळ्यात, फेब्रुवारीत. मोठ्या माणसाने पाठ फिरवून बसायचं, पोरीने मागून यायचं. आवाज आला की हात वर, ती जागेवर थांबणार. पाय टाकताना आधी बाहेरची कड, मग तळवा. सहा मीटरवर पोचली की जिंकली. हे घराजवळच्या दोन-चार झाडांखाली. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायच्या दिवसांत खाली वाकलेली लहान आकृती वाघाला माणूस वाटत नाही, म्हणून जंगलात नाही, आणि सांज पडल्यावर तर वावरातही नाही.

कुटारढीग:
निशाणाचं कुणी बोललंच नाही. बारदान्यात तणस किंवा सोयाबीनचं कुटार ठासून भरा, पण लटकतं ठेवा, भिंतीला टेकवू नका. बोथट बाण टणक पोत्यावर आपटून तीन-चार मीटर मागे येतो. लटकतं पोतं मागे सरून जोर खातं. पोतं 60 सेंमी रुंद, त्यावर गोवरी ठेवा. सुरुवात चार मीटरवरून. आठातले सहा बाण पोत्याला लागू लागले की पाच. दहाच्या पुढे जायची घाई नको, या ताणाला बाण तिथे खालीच पडतो.

मागे मातीचा धुरा पाहिजे, कुंपण किंवा झुडूप नाही. त्यांच्या पलीकडचं ढोर किंवा माणूस दिसत नाही. राखेने रेघ ओढा. सोडणारा रेघेवर, बाकी सगळे मागे, आणि बाण आणायला एकत्रच जायचं. एकच शब्द ठरवा, "थांब". ऐकल्याबरोबर तिरकमठा जमिनीवर. एका वेळी सहा ते आठ बाण, मग पाणी. थकलेलं पोर कोपर खाली सोडतं आणि दोरी मनगटाच्या वर फटका मारते; तिथे जुन्या शाळेच्या दप्तराचं कापड बांधा.

आणखी एक: उजव्या हाताची आहे म्हणता, पण डोळा कोणता ते पाहा. दोन्ही तळव्यांत छोटी खिडकी करून दूरच्या झाडाकडे पाहायला लावा, मग एकेक डोळा मिटवा. ज्या डोळ्याने झाड दिसत राहिलं, तो तिचा. डावा निघाला तर तिरकमठा उजव्या हातात आणि ओढायचं डाव्याने. सहाव्या वर्षी हे सहज बदलतं, दहाव्या वर्षी त्रास होतो.

शरकांडी:
@कुटारढीग बरोबर. आणखी, बोटं तीन, बाणाच्या खाली. लहान पोरं बाण चिमटीत धरतात, साडेतीन किलोला ती चिमूट सुटते.

धुऱ्यावरचा:
डोळा पाहिला, डावा निघाला. मग बाण मुठीच्या कोणत्या बाजूने?

धामण_कामठी:
डाव्याने ओढणार असेल तर बाण मुठीच्या उजव्या बाजूने, उजव्या हाताच्या तर्जनीच्या सांध्यावर टेकेल असा. सांध्यावर एक बोटभर कापड गुंडाळा. दोरीवर खाच बसायची जागा, बाण दोरीला काटकोनात येतो तिथून 5 मिमी वर, तिथे दोऱ्याची गाठ बांधून टाका, म्हणजे दर वेळी तीच जागा मिळेल. आणि शरकांडींनी सांगितलेली डावीकडची खूण तुमच्या पोरीला उलटी लागेल: ताठ काडी आता उजवीकडे जाईल.