ईसीजी वेळेत निघतो, पण बघितला जात नाही. मदत हवी आहे

मी कॅज्युअल्टीत सिस्टर इन्चार्ज आहे. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या पेशंटचा ईसीजी १० मिनिटांत काढून डॉक्टरांनी बघायचा, हे सगळ्यांना पाठ आहे. काढणं आता जमतंय. मशीन ट्रायजच्या (आल्याआल्या पेशंटची तातडी ठरवतो त्या) टेबलाशेजारी आणलं, केसपेपर नंतर करायचा असं ठरवलं. घोडं अडतं ते पुढे. ईसीजीची पट्टी पिन लावून ट्रेमध्ये पडते, आणि ड्यूटी डॉक्टर पडद्याआड कुणाला तरी टाके घालत असतात. मशीनने छापलेल्या निदानावर विसंबायची माझी तयारी नाही.

शिवाय मधुमेही, वयस्कर आणि बायका. हार्ट अटॅक असूनही छातीत दुखत नाही, नुसता दम, घाम, मळमळ. 'ॲसिडिटी झालीय' म्हणत बाकावर बसून राहतात. लक्षणांची यादी भिंतीवर लावून पाहिली, तर सरसकट सगळ्यांचेच ईसीजी निघायला लागले.

रात्री डॉक्टर एकच, जादा माणूस मिळणार नाही. कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय, नाही. १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी असेल तर पुढे पाठवायचं, नाहीतर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथेच द्यायचं; हे सगळं त्या पट्टीवर ठरतं. कार्डिऑलॉजिस्टना फोटो पाठवतो, पण रात्री उत्तराचा भरवसा नाही.

तुमच्याकडे पट्टी डॉक्टरांच्या हातात देणं नेमकं कोणाचं काम आहे, आणि डॉक्टर हातातलं काम थांबवून तिच्यावर वेळ टाकून सही करतात का? छातीत न दुखणाऱ्यांचा ईसीजी लगेच काढायला वय आणि लक्षणांची कोणती अट ठेवली आहे?