मदत हवी आहे : भिजलेल्या पेंडीमुळे दुधात आलेले अफ्लाटॉक्सिन

नमस्कार. हवेली तालुक्यात आमचा सहा संकरित गायींचा गोठा असून पुण्यातील तीस घरांत आमच्या दुधाचा रतीब आहे. गेल्या आठवड्यात एका ग्राहकाच्या आग्रहावरून दूध प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा त्यात अफ्लाटॉक्सिन एम१ (बुरशीच्या विषाचे दुधात उतरणारे रूप) किलोमागे ०.९ मायक्रोग्रॅम आढळले. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा ०.५ आहे, युरोपात तर ती ०.०५ आहे. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन घटक) उत्तम होते, वासाचवीतही काही फरक नव्हता. त्याच दिवशी रतीब थांबवून मी घरोघरी कारण सांगून आलो, कारण त्यांतील निम्म्या घरांत लहान मुले आहेत आणि अफ्लाटॉक्सिने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीशीर पुरावा असलेल्या, गटात मोडतात.

माझा संशय सरकी पेंडीवर आहे. जुलैत पत्रा गळून काही पोती ओली झाली होती. ती उन्हात वाळवून आम्ही पुन्हा वापरली, आणि चूक तिथेच झाली असावी. वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते, परंतु तिने आधी सोडलेले विष पेंडीत तसेच राहते. ते विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन बी१, गायीच्या पोटात गेले की यकृतात त्याचे एम१ होते आणि खाल्लेल्या बी१ पैकी साधारण एक ते दोन टक्के, भरपूर दूध देणाऱ्या गायीत सहा टक्क्यांपर्यंतही, दुधात उतरते. दूध उकळून किंवा पाश्चरीकरण करून ते जात नाही. उरलेल्या दुधाचे पनीर करावे असे घरातून सुचवले गेले, पण एम१ दुधातील केसिन या प्रथिनाला चिकटत असल्याने पनीरात त्याचे प्रमाण किलोमागे उलट वाढते. म्हणून ते दूध ओतून दिले, वासरांनाही पाजले नाही.

ती पेंड आता पूर्ण बंद केली आहे. दूषित खुराक थांबवल्यावर तीन-चार दिवसांत दुधातील प्रमाण उतरते, हे मला ठाऊक आहे. तरीही दुसरी तपासणी मर्यादेत आल्याशिवाय रतीब सुरू करणार नाही.

जाणकारांनी, विशेषतः पशुवैद्यांनी, पुढील बाबतीत मार्गदर्शन करावे. बेंटोनाइटसारखी बांधून ठेवणारी माती खुराकात मिसळली तर विष आतड्यातच अडकते आणि दुधात कमी उतरते. परंतु एका गायीला रोज किती द्यावी, आणि खनिज मिश्रण तिच्यासोबत द्यावे की वेगळ्या वेळी? माझ्या मते हा उपाय चांगल्या पेंडीच्या जोडीला आहे, खराब पेंड खपवण्यासाठी नव्हे. पेंड आता भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवली आहे; मात्र पावसाळ्यात हवेतील दमटपणा रोखण्यासाठी गोठेवाले आणखी काय करतात? मका भरडा आणि मुरघास यांचीही तपासणी करावी काय, आणि पोत्यात बुरशी एखाद्याच कोपऱ्यात असू शकते हे पाहता नमुना नेमका कसा काढावा?

शेवटची अडचण उरलेल्या अकरा पोत्यांची आहे. ती कोंबड्यांना घालावीत असे शेजारी म्हणतात. पण १९६० मध्ये इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या बुरशीयुक्त पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, तेव्हाच या विषाचा शोध लागला होता. ही पोती कोणत्याही जनावराच्या तोंडी न लागता नष्ट करण्याची योग्य पद्धत कोणती?